शबकिया : बसऱ्याच्या इब्न अल-हैसमपासून पोरांच्या हातातल्या लेझरपर्यंत

उर्दूत डोळ्याच्या मागच्या पडद्याला शबकिया म्हणतात. शबका म्हणजे जाळं. आजच्या अरबीत इंटरनेटलाही शबकाच म्हणतात. हा शब्द रुळला तो नवव्या शतकातल्या बगदादमध्ये, ग्रीक वैद्यकाची अरबीत भाषांतरं होत होती तेव्हा. हुनैन इब्न इस्हाक हा त्या कामातला सगळ्यात मोठा माणूस. धर्माने ख्रिस्ती, भाषा अरबी आणि सुरियानी. डोळ्यावर त्याने लिहिलेले दहा मकाले पुढे कित्येक शतकं हकीम वाचत राहिले. ग्रीक वैद्यांनी डोळ्याच्या या पडद्याला कोळ्याच्या फेकायच्या जाळ्याची उपमा दिली होती. ती अरबीत शबकिया झाली आणि बाराव्या शतकात अरबीतून लॅटिनमध्ये गेली तेव्हा 'रेटिना' झाली. लॅटिनमध्येही 'रेटे' म्हणजे जाळं. कॉर्नियाचंही तसंच : अरबीत क़र्न म्हणजे शिंग, म्हणून क़रनिया, आणि लॅटिनमध्येही शिंगावरूनच कॉर्निया. भिंगाला उर्दूत अदसा म्हणतात, कारण त्याचा आकार अदस, म्हणजे मसुरीच्या दाण्यासारखा. इंग्रजीतला 'लेन्स'ही मसुरीवरूनच आलाय.

मी भाषेचा मास्तर. विज्ञानाच्या गोष्टीत शब्दांच्या दारातूनच शिरतो, तेव्हा ही प्रस्तावना माफ करा. पण भिवंडीत जाळं, धागा, ताणा-बाणा हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लूमवर एक तार तुटली की कापडात रेघ दिसते. कारीगर लूम थांबवतो, तार जोडतो, खटका मारतो आणि लूम पुन्हा चालू. डोळ्यातल्या जाळ्याची तार तुटली तर ती जोडून देणारा कारीगर अजून दुनियेत पैदा झालेला नाही.

हे आज लिहितोय त्याला कारण आहे. विज्ञान प्रदर्शनाचा मोसम आला की दर दोन-चार टेबलांमागे एक 'लेझर सिक्युरिटी अलार्म' असतो. एका बाजूला लाल लेझरचा छोटा मॉड्यूल, समोर प्रकाश ओळखणारा सेन्सर, मधून कुणी गेलं की बझर वाजतो. प्रयोग छान आहे, मुलं स्वतः सोल्डरिंग करतात, याचं मला कौतुकच आहे. पण ते टेबल मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं आणि तो किरण कुठे जाऊन थांबतो याचा विचार कुणी केलेला नसतो. आठवी-नववीच्या मुलांना विचारलं की 'बेटा, हा डोळ्यात गेला तर?' की उत्तर ठरलेलं : 'सर, काही नाही होत. दुखत नाही.'

या 'दुखत नाही'चा इतिहास हजार वर्षांचा आहे.

इब्न अल-हैसम इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मला आणि १०४० च्या सुमारास कैरोत वारला. नाईलला बांध घालण्याची त्याची योजना, फातिमी खलिफा अल-हाकिमची भीती, वेड्याचं सोंग, हे सगळे किस्से नंतरच्या चरित्रकारांनी सांगितलेले आहेत. त्यांची मजा घ्यावी आणि पुढे जावं. खरी गोष्ट त्याच्या 'किताब अल-मनाज़िर'मध्ये आहे. सात भागांचं हे पुस्तक पाहणं म्हणजे काय, या एका प्रश्नावर आहे.

त्याच्या आधी मोठमोठ्या लोकांचं मत असं की डोळ्यातून किरण बाहेर जातो आणि वस्तूला जाऊन शिवतो. युक्लिड आणि बतलीमूस, म्हणजे टॉलेमी, याच मताचे. आपल्याकडचे न्यायशास्त्रवालेही म्हणत की डोळ्याचं इंद्रिय तेजाचं बनलेलं आहे आणि ते वस्तूपर्यंत पोचतं. बगदादचा अल-किंदीही तिकडचाच. इब्न अल-हैसमने हे उलटं केलं, आणि त्यासाठी सुरुवात केली ती अगदी साध्या मुशाहिद्याने. तो म्हणतो, माणसाने फार तेज उजेडाकडे पाहिलं तर डोळ्याला त्रास होतो, दुखतं. सूर्याकडे पाहा, किंवा आरशात पडलेल्या सूर्याकडे पाहा. उजेडाकडे बराच वेळ पाहून अंधारात गेलात तर त्याचा ठसा काही काळ डोळ्यासमोर राहतो. आता किरण जर डोळ्यातून बाहेर जात असेल तर दुखायचं कारण काय? दुखतं, कारण उजेड बाहेरून आत येतो आणि डोळ्यावर काहीतरी करतो.

माझ्या मते प्रकाशशास्त्राच्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर दलील आहे. दुखणं हा इथे पुरावा आहे. आपल्याला आज हे इतकं उघड वाटतं की त्यासाठी पुस्तक लिहावं लागलं याचंच नवल वाटतं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत इब्न अल-हैसमचं नाव दर महिन्याला एकदा फिरतं. 'कॅमेरा हा शब्द अरबी क़मरावरून आला' असं त्यात असतं. नाही आला. कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ खोली. 'त्याने सगळं बरोबर सांगितलं' हेही नाही. पाहण्याची संवेदना डोळ्यातल्या भिंगात होते असं त्याला वाटत होतं. प्रतिमा मागच्या शबकियावर उलटी उमटते हे योहान्नेस केपलरने १६०४ मध्ये नीट मांडलं. पण केपलर ज्या परंपरेत विचार करत होता ती इब्न अल-हैसमच्या लॅटिन भाषांतरातून आलेली होती आणि ते भाषांतर १५७२ मध्ये बाझलला छापूनही निघालं होतं. आपल्या बुजुर्गांचं मोठेपण सांगायला खोट्याची गरज पडत नाही. २०१५ हे वर्ष युनेस्कोने प्रकाशाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं तेव्हा 'किताब अल-मनाज़िर'ची हजार वर्षं हे त्यातलं एक निमित्त होतं. तेवढं पुरे आहे.

आपल्या विषयासाठी त्याची आणखी एक गोष्ट कामाची आहे. त्याने सूर्यग्रहणाच्या आकारावर एक स्वतंत्र मकाला लिहिला. त्यात तो सूर्याकडे पाहत नाही. बारीक भोकातून येणारा उजेड समोरच्या पृष्ठभागावर पडू देतो आणि तिथे उमटलेली कोर पाहतो. तीनशे वर्षांनी इराणच्या कमालुद्दीन अल-फ़ारिसीने अंधाऱ्या खोलीत पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवला, त्यावर भोकातून सूर्यकिरण सोडला आणि इंद्रधनुष्य कसं बनतं ते उलगडलं. पुढे सतराव्या शतकात गॅलिलिओ आणि शायनर यांनी सूर्यावरचे डाग दुर्बिणीतून कागदावर पाडून काढले. तेज उजेडाशी खेळणाऱ्या शहाण्या माणसांची ही जुनी रीत : उगमाकडे पाहायचं नाही, तो जिथे पडतो तिथे पाहायचं. सॉक्रेटिसच्या तोंडीही अफलातूनने, म्हणजे प्लेटोने, हीच गोष्ट घातली आहे, की ग्रहणाकडे थेट पाहून लोक डोळे खराब करून घेतात, पाण्यात पाहावं. आपल्याकडची परातीतल्या पाण्यात ग्रहण पाहायची रीत त्याच जातीची. पूर्ण सुरक्षित ती नाही, पण विचाराची दिशा बरोबर आहे.

सूर्याच्या बाबतीत माणसाच्या शरीराने स्वतःच पहारा ठेवलाय. डोळे दिपतात, पाणी येतं, पापणी मिटते, मान वळते. थेट सूर्याकडे पाहत राहायला मुद्दाम हट्ट करावा लागतो. ग्रहणात धोका वाढतो तो यामुळेच. सूर्य झाकला जातो, डोळे दिपत नाहीत, पहारेकरी झोपतो, आणि उरलेली कोर आपलं काम करत राहते. शबकियाला दुखणं कळवणाऱ्या नसा नाहीत. तो जळतो तेव्हा काहीच वाटत नाही. दुखतं ते पुढच्या भागात, बुबुळाला आणि पापणीला.

म्हणजे इब्न अल-हैसमची दलील सूर्यासाठी खरी होती. एकोणीसशे साठ साली असा उजेड तयार झाला की ज्याला ती लागू पडेना.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात मालिबू इथल्या ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमनने कृत्रिम माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर चालवला. त्याचं मूळ गणित आइन्स्टाइनने १९१७ मध्ये मांडलेलं होतं. मेमनचा लाल किरण क्षणभराच्या झटक्यांचा होता. जुलैत पत्रकार परिषद झाली आणि काही वर्तमानपत्रांनी 'मृत्युकिरण' म्हणून मथळे दिले, ज्याचा मेमनला पुढे वर्षानुवर्षं वैताग होता.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला न्यू जर्सीतल्या बेल लॅबमध्ये अखंड चालणारा पहिला लेझर सुरू झाला. तो करणाऱ्यांचा म्होरक्या होता अली जावान, तेहरानमध्ये १९२६ साली जन्मलेला. हीलियम आणि निऑन या वायूंच्या मिश्रणातून त्याने किरण काढला, आणि दुसऱ्या दिवशी त्या किरणावरून टेलिफोनवर बोलूनही दाखवलं. आमच्या मुलांना इब्न सीना आणि अल-ख़्वारिज़्मी माहीत असतात, अली जावान माहीत नसतो. २०१६ पर्यंत हा माणूस जिवंत होता! पण मला इथे दुसरंच सांगायचंय. जावानचा तो पहिला अखंड किरण दिसत नव्हता. त्याची तरंगलांबी ११५० नॅनोमीटर होती. ती इन्फ्रारेडमध्ये येते, माणसाच्या नजरेच्या पलीकडे. दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये ज्याला आपण हीलियम-निऑन लेझर म्हणून ओळखतो तो लाल किरण १९६२ मध्ये आला.

न दिसणारा उजेड डोळ्यात जाऊ शकतो का? जातो, आणि तोच जास्त वाईट. ४०० ते साधारण १४०० नॅनोमीटरपर्यंतचा सगळा प्रकाश बुबुळ आणि भिंग पार करून शबकियावर पोचतो. त्यातला ७०० च्या आसपासपर्यंतचाच आपल्याला दिसतो. उरलेल्याला पापणी मिटत नाही, कारण मिटायचं कशासाठी हे तिला कळतच नाही.

आणि डोळ्याची सगळी कारीगरी इथे त्याच्याच विरुद्ध जाते. साध्या बल्बचा उजेड चारी दिशांना पसरतो, त्यातला कणभर डोळ्यात येतो आणि पडद्यावर बल्बच्या आकाराएवढी प्रतिमा बनते. लेझरचा उजेड समांतर येतो. बाहुलीतून जेवढा आत शिरला तेवढा सगळा, भिंग एका ठिपक्यावर गोळा करतं. तो ठिपका केसाच्या जाडीहूनही लहान असू शकतो. या गोळा होण्यात तीव्रता एक लाख पटीच्या घरात वाढते. म्हणून एका मिलिवॅटचा लेझरही पडद्यावर सूर्याहून झगझगीत पडू शकतो, जरी तो हातावर घेतला तर कोमटही लागत नाही. मुलांची मोठी गफलत इथेच होते : ती हातावर तपासतात.

सुरक्षिततेचे वर्ग ठरले ते याच हिशेबाने. एक मिलिवॅटपर्यंतचा दिसणारा लेझर क्लास २ मध्ये येतो. भिवंडीच्या गोदामांत दिवसभर बारकोडवर फिरणाऱ्या बऱ्याच लाल रेघा याच्या आतल्या असतात. तिथे पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढं पुरतं. पाच मिलिवॅटपर्यंत क्लास ३ आर, पाचशेपर्यंत ३ बी, त्यापुढे क्लास ४. ३ बी पासून पुढे पापणीचा पाव सेकंद ही फार मोठी वेळ झाली. पापणी मिटायच्या आत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. क्लास ४ मध्ये तर भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणंही धोक्याचं, म्हणजे इब्न अल-हैसमची 'पडतो तिथे पाहा' ही रीतसुद्धा तिथे पुरत नाही.

लेझर प्रयोगशाळेतून गल्लीत आला तो सीडी आणि डीव्हीडीमुळे. मेमनची माणकाची कांडी आणि जावानची काचेची नळी दोन्ही मागे पडली. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान अर्धवाहक डायोड कारखान्यात लाखोंनी बनू लागले. आपल्या ट्रॉम्ब्यातल्या शास्त्रज्ञांनीही साठच्या दशकातच अर्धवाहक लेझर बनवला होता. मग २००० नंतर जगभरच्या हौशी मंडळींनी भंगारातले डीव्हीडी रायटर फोडून त्यातला लाल डायोड काढायला सुरुवात केली. डिस्क 'जाळण्या'साठी बनवलेला तो डायोड शंभर-दोनशे मिलिवॅट देतो, माचीसची काडी पेटवतो, काळा फुगा फोडतो. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग आणि चोरबाजारात जुने ड्राइव्ह मिळतातच. हात चालणारा मुलगा एका दुपारी हे करू शकतो. डिस्क खोलणाऱ्या मुलाच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण ड्राइव्हमध्ये तो डायोड बंद पेटीत होता, म्हणून पूर्ण यंत्र क्लास १ मध्ये येत होतं. पेटी उघडली की आत ३ बी आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. त्यात काही रायटरमध्ये सीडीसाठीचा वेगळा डायोड असतो, ७८० नॅनोमीटरचा. तो डोळ्याला जेमतेम फिकट लाल दिसतो. फिकट दिसतो म्हणून मुलगा त्याला कमजोर समजतो. कमजोर त्याचा डोळा आहे, किरण नाही.

हिरव्या पॉइंटरची तर वेगळीच कहाणी. जो हिरवा किरण दिसतो तो मुळात हिरवा नसतो. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड एका स्फटिकाला चालवतो, तो १०६४ चा, पुन्हा न दिसणारा, किरण देतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी अर्धी करून ५३२ चा हिरवा बनवतो. बाहेर पडताना इन्फ्रारेड अडवायला एक छोटा फिल्टर लागतो. स्वस्तात विकणारा तोच वाचवतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन संस्थेने २०१० मध्ये असा एक पॉइंटर तपासला. त्यातून हिरव्यापेक्षा जास्त इन्फ्रारेड बाहेर पडत होता. याच संस्थेने २०१३ मध्ये सव्वाशेच्या आसपास पॉइंटर तपासले, तर हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के नियमापेक्षा जास्त ताकदीचे निघाले. हे तिकडचे आकडे. ऑनलाइन मागवलेल्या पॉइंटरवरचं '५ मिलिवॅटपेक्षा कमी' हे स्टिकर त्यानंतर माझ्या लेखी फक्त स्टिकर आहे.

आता 'दुखत नाही'चा हिशेब. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पंधरा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. त्याने इंटरनेटवरून दीडशे मिलिवॅटचा हिरवा पॉइंटर मागवला होता. लांबून फुगे फोडायला, कागदाला भोकं पाडायला, बहिणीच्या बुटावर जाळायला. मग आरशासमोर 'लेझर शो' करताना किरण परतून डोळ्यात गेला, एकदा नाही, बऱ्याच वेळा. दोन्ही डोळ्यांची नजर अंधुक झाली. आणि तो मुलगा दोन आठवडे गप्प राहिला. आई-वडिलांना सांगायची भीती. लपवणं अशक्य झालं तेव्हा दवाखान्यात गेला.

मला या हकिकतीतले ते दोन आठवडे सर्वांत जास्त छळतात. दुखलं असतं तर तो ओरडला असता. घर धावत आलं असतं. दुखलं नाही म्हणून लपवता आलं. दोन डोळ्यांत एकाचंच बिघडलं तर दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि मुलाला स्वतःलाही कळत नाही. मग कधीतरी शाळेत तपासणी होते आणि घरच्यांना वाटतं चष्मा लागला.

घरातून आणखी एक गैरसमज येतो, त्याचा दोष मुलांना देता येणार नाही. शुगरच्या पेशंटला डॉक्टर 'डोळ्यात लेझर मारतात' हे आपल्या जवळजवळ प्रत्येक खानदानाने पाहिलंय. मग लेझर डोळ्याला वाईट कसा? याचाही इतिहास मोठा नमुनेदार आहे. जर्मनीत गेर्ड मायर-श्विकराट नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एका विद्यार्थ्याचा डोळा तपासला. १९४५ चं सूर्यग्रहण पाहताना त्याचा पडदा जळला होता. जळलेल्या जागी पडलेला व्रण पाहून डॉक्टरला सुचलं, फाटत चाललेला पडदा असाच मुद्दाम डागून जागी चिकटवता येईल. १९४९ मध्ये त्याने खरोखर सूर्याचा उजेड आरशांनी दवाखान्यात आणून पेशंटवर वापरला. नंतर झेनॉनचा दिवा आला, १९६१ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये माणकाचा लेझर, मग आजची यंत्रं. म्हणजे डॉक्टर जो लेझर मारतात तो पडद्यावर जाणूनबुजून दिलेला डाग आहे. नजरेचा मधला भाग सोडून, कडेला, मोजून, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी वेळ. कडेचं थोडं जाळून मधलं वाचवायचं. त्यासाठी शे-दोनशे मिलिवॅट, कधी त्याहून जास्त लागतात. फुगे फोडणाऱ्या पॉइंटरची ताकदही तेवढीच. फरक इतकाच की मुलगा त्याच्याकडे सरळ पाहतो, आणि सरळ पाहिलं की किरण नेमका त्या मधल्या भागावर पडतो, ज्याने आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो.

जगातल्या देशांनी १९९५ मध्ये व्हिएन्नात एकत्र बसून ठरवलं की सैनिकांना कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेली लेझर हत्यारं युद्धात वापरायची नाहीत. ताकदीने त्या जातीच्या जवळ जाणारी चीज खेळण्याच्या नावाखाली कुरियरने घरी येते.

आपल्याकडे हल्ली एक नवी हौस धंदा बनू पाहतेय, तिच्याबद्दल जरा सविस्तर. निळ्या डायोडची छोटी एन्ग्रेव्हिंग मशीन. टेबलावर मावते, लाकडावर नाव कोरते, की-चेन बनवते, आयतुल कुर्सीच्या फ्रेम कापते. नस्तालीक़चा घुमाव लाकडावर इतका साफ उतरतो की माझ्यासारख्या ख़त्ताती आवडणाऱ्या माणसाचं मन हरखतं. पण ही मशीन पाच वॉटची, दहा वॉटची असते. पाच वॉट म्हणजे पाच हजार मिलिवॅट. उघड्या चौकटीची मशीन, तीही घरात, जिथे लहान भावंडं शेजारी बसून पाहतात. लाकडावर पडणारा किरण तेवढा त्रास देत नाही, पण कुणी स्टीलची पट्टी, चमचा, चकचकीत की-चेन ठेवली की किरण कुठल्याही दिशेने उसळतो. सोबत जो हिरवा किंवा नारिंगी चष्मा फुकट येतो त्यावर कुठल्या तरंगलांबीसाठी आणि किती घनतेचा हे छापलेलं नसेल तर त्याला उन्हाळी चष्माच समजावं. आणि उन्हाळी चष्म्याने उलट बाहुली मोठी होते.

चष्म्याचा नियम मुलांना चटकन कळतो असा : ज्या रंगाचा लेझर, तो रंग चष्म्याने खाल्ला पाहिजे. लाल काचेतून लाल किरण आरामात येतो. निळ्यासाठी नारिंगी, तेही ४५० नॅनोमीटर लिहिलेला. अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्या मोठ्या कार्बन डायऑक्साइड लेझरला साधं पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण पुरतं, कारण त्याचा किरण पडद्यापर्यंत पोचत नाही, बुबुळच जाळतो. तेच पारदर्शक झाकण निळ्या डायोडसमोर असून नसल्यासारखं. एकाच्या दुकानात पाहिलेलं दुसऱ्याच्या मशीनला लावू नये. मशीन बंद पेटीत ठेवायची, दार उघडलं की लेझर बंद पडेल असा स्विच लावायचा, आणि आत पाहायचं ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून. ही थोडीफार इब्न अल-हैसमचीच रीत झाली.

शाळेच्या अलार्मसाठी एवढंही करावं लागत नाही. मॉड्यूल गुडघ्याच्या उंचीवर लावा, टेबलाच्या खाली, पक्का स्क्रूने बसवलेला. सेन्सरच्या मागे काळा, मॅट पुठ्ठा. आरशांनी किरण फिरवायचा मोह असेल तर आधी लेझर बंद ठेवून आरसे बसवा. हातातलं घड्याळ काढून ठेवा. खोलीत दिवे लावा, कारण अंधारात बाहुली मोठी होते. नाहीतर लेझर सोडून इन्फ्रारेड एलईडीचा साधा सेन्सर वापरा, बझर तसाच वाजतो. मुलं नाक मुरडतात, लाल रेघ दिसत नाही म्हणून, हे मला माहीत आहे.

आता रस्त्यावरचं. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की मिरवणुकीतल्या लेझरमुळे पडद्याला इजा झालेले काही तरुण त्यांच्याकडे आले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मीलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले होते. मुंबईसह बऱ्याच ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. पुढच्या वर्षीही जुलूस पुढे ढकलला गेला. या समजुतीचं सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. पण जुलूसात डीजेचे ट्रक आणि लेझर तेच. २०२४ मध्ये काही मुस्लिम नागरिकांनीच मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचं म्हणणं, मीलादच्या जुलूसातल्या डीजे आणि लेझरला ना कुरआनात आधार आहे ना हदीसमध्ये. १८ सप्टेंबरला मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं, जे गणेशोत्सवात घातक ते ईदलाही घातक. लेझरबद्दल मात्र न्यायालयाने विचारलं, शास्त्रीय पुरावा कुठे आहे? काही शहरांत त्यानंतर पोलिसांनी मनाई आदेश काढले, काही ठिकाणी ते पाळलेही गेले.

पुराव्याबद्दल न्यायालयाचा प्रश्न वाजवी होता. पुरावा जगभरच्या नेत्रवैद्यकात पडून आहे. तो मिरवणुकीच्या भाषेत कुणी आणून ठेवत नाही. परदेशातल्या शोमध्ये किरण प्रेक्षकांच्या पायाखालच्या जमिनीपासून किमान तीन मीटर वर ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या गल्लीत ट्रकवरून सोडलेला किरण पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाईच्या बरोबर समोर येतो. किरण फिरता असेल तर एका जागी क्षणभरच पडतो, पण मोटर अडकली की तोच किरण एका जागी थांबतो. कुणाला पटत नसेल त्याने जुलूस शूट करणाऱ्या मित्रांचे मोबाइल मागून पाहावेत. एखाद्याच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोवर आडवी किंवा उभी रेघ येत असते. सेन्सर जळालेला असतो. फोनचा सेन्सर बदलून मिळतो.

एवढं सगळं करूनही कधी किरण डोळ्यात गेलाच, तर घरी करायची तपासणी सोपी आहे. चौकोनी रेघांची गणिताची वही घ्या. पानाच्या मधोमध पेनाने एक ठिपका काढा. एक डोळा हाताने पूर्ण झाका आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहा, मग उलट. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहण्यात काही अर्थ नाही. रेघा वाकड्या, तुटलेल्या दिसल्या, मधेच राखाडी डाग दिसला, किंवा रंग फिकट वाटला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, चष्म्याच्या दुकानात नाही. बाहुलीत औषध घालून पडदा पाहतील आणि ओसीटी नावाचा स्कॅन करतील अशा ठिकाणी. भिवंडीत जमलं नाही तर कल्याण, ठाणे, नाहीतर मुंबईत जे. जे. काहींची नजर काही महिन्यांत बरीच परत येते, काहींचा डाग राहतो. सगळ्यांना बरं करील असं औषध अजून नाही. चोळू नका, कुणाच्या सांगण्यावरून सुरमा किंवा गुलाबजल घालू नका. आणि मुलाला रागावायच्या आत तो लेझर ताब्यात घ्या. फेकून देऊ नका, स्टिकरसकट पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो हाच, की रंग कोणता आणि ताकद किती होती.